राखण

त्या सकाळी खुराड्याकडे निघाले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती शांतता. एरवी माझ्या पावलांची चाहूल लागायचा अवकाश, आतून असा कलकलाट उठायचा की जणू या सातजणींना आठवडाभर कुणी दाणा दाखवलेला नाही. त्या दिवशी काहीच नाही. दार अर्धवट उघडं होतं. आत पाच कोंबड्या मरून पडलेल्या, सहावीचा पत्ता नव्हता, आणि सातवी, सगळ्यांत भित्री, वर वाशाला चिकटून बसलेली. तिला खाली उतरवायला मला अर्धा तास लागला.

खरं सांगायचं तर कोंबड्या गेल्या याचं मला तितकं वाईट वाटलं नाही. कोंबड्या पाळायच्या तर तेवढी तयारी ठेवावीच लागते. झोंबलं ते हे, की त्या पाचही जशाच्या तशा पडल्या होत्या. मानेला एक चावा, बास. खाल्लेलं काही नाही. सहावी नेली ती पोटासाठी नेली, ते मी समजून घेऊ शकत होते. मग या पाच कशासाठी? "हौस म्हणून मारल्यात मेल्याने," असं मी मोठ्याने म्हणाले, ऐकायला कुणी नसताना.

थोड्या वेळाने शेजारचे काका आले. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिले. त्यांनी जन्मभर गुरं, शेळ्या, कोंबड्या सांभाळलेल्या. माझ्यासारखं हौसेनं नव्हे. म्हणाले, "परत येणार बघ ते. पडलेलं न्यायला येतंच. यातल्या एकीत औषध भरून ठेव, सकाळपर्यंत निकाल."

औषध. उंदराला घालतो तेही औषध, पिकावर फवारतो तेही औषध आणि रानातल्या जनावरासाठी मेलेल्या कोंबडीत भरायचं तेही औषधच. विषाला विष म्हणायला आपली जीभ अडखळते, पण हात अडखळत नाही.

मी ते केलं नाही. यात मोठेपणा काही नाही. घरात औषध नव्हतं आणि बाहेर पाऊस कोसळत होता, इतकंच. दोन्हींतलं एक जरी उलट असतं तरी हा लेख मी लिहिला नसता, निदान असा तरी नाही.

संध्याकाळी खड्डा खणून पाचजणींना पुरलं आणि मग दाराकडे नीट पाहिलं. दार फोडलेलं नव्हतं. जाळी फाटलेली नव्हती. फळीखालून उकरलेलं नव्हतं. खिट्टी लावलेलीच नव्हती. आदल्या रात्री खुराडं बंद करायची पाळी माझी होती.

ते जनावर कोणतं होतं हे मला आजतागायत माहीत नाही. पावसाने ठसे धुऊन नेले होते. पण त्याच्यावरचा माझा राग तीन-चार दिवस टिकला, खिट्टी दिसल्यानंतरही टिकला. चूक आपली आहे हे कळलं की राग कमी होतो असं म्हणतात. माझा तरी वाढला.

त्या रागातूनच मी वाचायला बसले. मला त्याच्याविरुद्ध पुरावा हवा होता. मिळालं ते भलतंच. अशा मारण्याला अभ्यासकांनी नाव दिलेलं आहे, गरजेपेक्षा जास्तीची शिकार, आणि कोल्ह्यापासून हिमबिबट्यापर्यंत अनेकांच्या बाबतीत ते नोंदवलेलं आहे. उघड्यावर शिकारी झडप घालतो, एखादं सावज हाती लागतं, बाकीची पळतात, आणि पाठलाग तिथेच संपतो. तो संपवायचं काम शिकारी करत नाही, पळणारे करतात. बंद खुराड्यात पळायला जागाच नसते. डोळ्यांसमोर फडफड चालूच राहते आणि ज्या कळीवर जबडा चालतो ती कळ पुन्हापुन्हा दाबली जाते. जमलं तर ते जनावर नंतर एकेक करून न्यायला येतं. म्हणजे काकांचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. हौस वगैरे माझ्या पदरची.

हिमबिबट्याचं उदाहरण तर माझ्या खुराड्याचीच मोठी आवृत्ती. उंच पहाडांत मेंढ्या-बकऱ्या रात्री दगडी वाड्यात कोंडतात. भिंती चांगल्या असतात, पण वर छप्पर नसतं. हिमबिबट्या भिंतीवरून आत उतरतो आणि मग तेच. एका कुटुंबाची सगळी पुंजी एका रात्रीत. सकाळी जनावर आतच सापडलं, तर त्याचं काय होत असेल ते सांगायला नको. यावर जो उपाय आज अनेक देशांत करतात तो म्हणजे वाड्यावर लोखंडी जाळीचं छप्पर आणि घट्ट बसणारं दार. जगातल्या सगळ्यांत देखण्या, सगळ्यांत गूढ म्हणवल्या जाणाऱ्या प्राण्याचा जीव वाचतो कशाने, तर जाळी आणि बिजागरीने. इतकं कंटाळवाणं उत्तर मिळेल अशी माझी अपेक्षा नव्हती.

दाराची आणखी एक गोष्ट मला त्या वाचनात भेटली आणि ती अजून डोक्यातून जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर थायलसिन नावाचा पट्टेरी, कुत्र्यासारखा दिसणारा मांसाहारी प्राणी होता. पोटाला पिशवी असलेला, कांगारूच्या गोतावळ्यातला. तो मेंढ्या मारतो असा बोभाटा झाला. भटकी कुत्री, निष्काळजी राखण यांचा वाटाही त्याच्याच नावावर मांडला गेला. १८८८ साली सरकारने दर मारलेल्या प्रौढ प्राण्यामागे एक पौंड बक्षीस लावलं. १९०९ पर्यंत २,१८४ बक्षिसं वाटली गेली. मग तो दिसेनासा झाला तशी लोकांना हळूहळू त्याची किंमत कळू लागली, आणि १० जुलै १९३६ रोजी त्याला कायद्याने संरक्षण मिळालं. होबार्टच्या प्राणिसंग्रहालयातला शेवटचा ज्ञात थायलसिन ७ सप्टेंबर १९३६ रोजी मेला. मध्ये ५९ दिवस. त्याच्या मरणाची सांगितली जाणारी हकीकत अशी, की रात्री त्याला निवाऱ्यात घ्यायचं राहून गेलं आणि दार बंद झालं. दिवसा तळपतं ऊन, रात्री बोचरी थंडी आणि तो बाहेर.

एक दार उघडं राहिलं म्हणून माझ्या कोंबड्या गेल्या. एक दार बंद झालं म्हणून एक अख्खी जात गेली, असं मी म्हणणार नाही; ती जात त्याआधीच संपत आली होती. पण शेवटचा अपघातही निष्काळजीपणाचाच असावा याचं मला नवल वाटत नाही.

त्याच आठवड्यात 'राखणे' हे क्रियापद मला नव्याने दिसलं. गुरं राखायची, शेत राखायचं, मान राखायचा, अंतर राखायचं, जंगल राखायचं. लांडग्यापासून मेंढरं वाचवणं आणि लांडगा वाचवणं यांना इतर कुठे दोन वेगळे शब्द असतील, दोन वेगळी खाती असतील, दोन तट तर नक्कीच आहेत. आपल्या भाषेत एकाच शब्दात दोन्ही बसतात. आणि मला आता असं वाटू लागलंय की भाषेने इथे शहाणपण केलंय. पहिली राखण नीट झाली तर दुसरीचं निम्मं काम आपोआप होतं. पहिली झाली नाही, तर दुसरीसाठी कितीही कायदे करा, कुणीतरी कोंबडीत औषध भरणारच.

या पहिल्या राखणीच्या तऱ्हा मात्र वाचत बसाव्यात अशा आहेत.

सगळ्यांत जुनी तऱ्हा कुत्र्याची. हा कळप हाकणारा चलाख कुत्रा नव्हे. इटलीतला मारेम्मा किंवा तुर्कस्तानातला कंगाल हे थोराड, शांत कुत्रे काही आठवड्यांचे असतानाच मेंढरांत सोडतात. ते मेंढरांत वाढतात, मेंढरांत झोपतात, आणि त्यांना आपण त्यांच्यातलेच वाटत असणार. लांडगा आला की कुत्रा मध्ये उभा राहतो आणि भुंकतो. बहुतेक वेळा तेवढंच पुरतं. याचं कारण शूरपणात शोधू नये, हिशेबात शोधावं. शिकार करून जगणाऱ्या जनावराचं सगळं भांडवल म्हणजे त्याचे दात आणि पाय. सुळा तुटला, पंजा दुखावला की उपासमार. म्हणून ज्यांना आपण हिंस्र म्हणतो ते प्राणी भांडण टाळण्यात फार पटाईत असतात. चित्ता तर आणखीच नाजूक. नामिबियात चित्त्यांना शेतकरी सर्रास पिंजरे लावून पकडत, गोळ्या घालत. १९९० मध्ये तिथे लॉरी मार्कर यांनी चित्त्यांसाठी संस्था उभी केली आणि १९९४ पासून शेतकऱ्यांना असे राखणदार कुत्रे द्यायला सुरुवात केली. चित्ता वाचवायचा म्हणून कुत्र्याची पिल्लं वाटत हिंडायचं! पण गणित सरळ आहे. शेळी मेली नाही, तर बंदूक बाहेर येत नाही.

याच मारेम्मा कुत्र्यांची ऑस्ट्रेलियातली एक हकीकत थोडी आडवाटेची आहे, पण सांगते. व्हिक्टोरिया राज्याच्या किनाऱ्याला लागून एक चिमुकलं बेट आहे, मिडल आयलंड. तिथे छोट्या पेंग्विनांची वसाहत. ओहोटीला कोल्हे पाण्यातून पलीकडे जायचे. २००५ पर्यंत पेंग्विन दहाच्याही खाली आले. २००६ पासून बेटावर दोन मारेम्मा ठेवायला लागले, मेंढ्यांऐवजी पेंग्विन राखायला, आणि वसाहत पुन्हा भरली, शंभराच्या पुढे गेली. मग २०१७ साली समुद्र खवळलेला असल्याने कुत्र्यांना बेटावर नेता आलं नाही, नेमका तेव्हा कोल्हा शिरला आणि शंभराहून जास्त पेंग्विन मेले. हे वाचून मी मिटून ठेवलं सगळं. अकरा वर्षांची राखण, आणि खिट्टी लावायची राहिली ते थोडेसेच दिवस.

पूर्व युरोपात लांडग्याच्या शिकारीची एक जुनी युक्ती होती. दोरीला हातहात अंतरावर लाल कापडाच्या पट्ट्या बांधायच्या आणि ती दोरी रानात ताणायची. लांडगे त्या पट्ट्या ओलांडत नाहीत, मग त्यांना कोंडून मारायचं. आता तीच दोरी कुरणाभोवती लावतात, म्हणजे लांडगा बाहेर राहतो आणि जिवंतही राहतो. गंमत म्हणजे लांडग्याला लाल रंग नीट दिसतही नाही. तो बिचकतो ते फडफडणाऱ्या अनोळखी वस्तूला. दोनेक महिन्यांनी ओळख झाली की दोरी निकामी. तोवर लांडगे निघून गेले तर ठीक, नाहीतर नवं काहीतरी शोधायचं.

बोट्स्वानाच्या ओकावांगो भागात तर गाईंच्या पार्श्वभागावर डोळे रंगवले. सिंह, बिबट्या दबा धरून येतात. सावजाने आपल्याला पाहिलंय असं वाटलं की बेत सोडतात. मग गाईला मागेही डोळे द्यायचे. चार वर्षं, १४ कळप, दोन हजारांवर गुरं असा हा प्रयोग चालला आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. डोळे रंगवलेल्या ६८३ गुरांपैकी एकही दबा धरणाऱ्या शिकाऱ्याने मारलं नाही. काहीच न रंगवलेल्या ८३५ पैकी १५ गेली. नुसती फुली मारलेल्या ५४३ पैकी ४. फुलीचाही थोडा उपयोग झाला याची मला फार मजा वाटली. सिंहालाही काहीतरी लिहिलेलं दिसलं की आधी वाचावंसं वाटत असेल.

या सगळ्यांत माझा आवडता माणूस म्हणजे एक मुलगा. नैरोबी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला राहणारा रिचर्ड तुरेरे. वडिलांची गुरं राखायचं काम त्याच्याकडे, आणि सिंह रात्री येऊन गुरं मारायचे. त्याने आधी आग लावून पाहिली; सिंहांना गोठ्यातलं उलट नीट दिसू लागलं. मग बुजगावणं उभं केलं. पहिल्या रात्री सिंह परत गेले. दुसऱ्या रात्री त्यांनी पाहिलं की हे काही हलत नाही. एका रात्री तो विजेरी घेऊन गोठ्याभोवती फिरत होता, आणि सिंह आले नाहीत. त्यांना हलणारा उजेड नको होता. मग पोराने गाडीची जुनी बॅटरी, सौर पट्टी, मोटारसायकलच्या इंडिकेटरचा भाग आणि मोडक्या विजेऱ्यांतले दिवे जोडून असं काही बनवलं की गोठ्याभोवती रात्रभर दिवे लुकलुकत राहावेत, जणू कुणी फेऱ्या घालतंय. तेव्हा तो जेमतेम ११ वर्षांचा होता.

लहानपणी 'लांडगा आला रे आला' ही गोष्ट मला खोटं बोलू नये म्हणून सांगितली गेली. आता ती वेगळीच दिसते. एवढ्या मेंढरांपाशी एकटं पोर का ठेवलं होतं? त्याला करमत नव्हतं, भीती वाटत होती, माणसं यावीत असं वाटत होतं. दोनदा खोटं बोलला म्हणून तिसऱ्यांदा कुणी गेलं नाही, यात धडा कोणाला मिळाला? मेंढरं गावाचीच होती ना?

कुणीतरी येणं ही राखणीतली फार मोठी गोष्ट आहे. केनियात अंबोसेली राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात २००७ पासून मसाई तरुणांनाच सिंहांचे राखणदार नेमलं जातं. हे तरुण आधी सिंह मारण्यात पुरुषार्थ मानणारे. पहिला सिंह मारणाऱ्याला सिंहाचं नाव मिळायचं. आता तेच माग काढतात, सिंहांच्या गळ्यातल्या रेडिओ पट्ट्याच्या खुणेवरून सिंह कुठे आहेत ते गुराख्यांना कळवतात, हरवलेली वासरं शोधून आणतात, काटेरी कुंपणं नीट करतात. आणि सिंहांना नावं देतात. आधी सिंह मारून माणसाला नाव मिळायचं, आता माणूस सिंहाला नाव देतो. पाळत, माग, धीर, अंधारात निघायची छाती, जुनी सगळी विद्या तशीच वापरात आहे.

हे सगळं रात्रीचं का, असाही प्रश्न मला पडला होता. माझं खुराडं, तुरेरेचा गोठा, पहाडातला वाडा. त्याचं उत्तर थोडं शरमेचं आहे. २०१८ मध्ये सहा खंडांतल्या ६२ सस्तन प्रजातींवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले, तर जिथे माणसांचा वावर जास्त तिथे प्राणी रात्रीचं जास्त फिरू लागल्याचं दिसलं, सरासरी १.३६ पट. नेपाळच्या चितवनमध्ये वाघ आणि माणसं एकाच पायवाटा वापरतात. दिवसा माणसं, रात्री वाघ. जागा वाटून देणं जमलं नाही तेव्हा त्यांनी वेळ वाटून घेतला, आणि तोही स्वतःच समजून-उमजून. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातल्या पाणवठ्यांवर लपवलेल्या स्पीकरमधून सिंहांचा आवाज आणि माणसांचं साधं बोलणं ऐकवलं. हरणं, जिराफ, हत्ती, बिबटे, बहुतेक सगळे सिंहापेक्षा माणसाच्या बोलण्याला जास्त घाबरले. ओरडणं नव्हे हो, शांत गप्पा. जंगलात सगळ्यांत भीतिदायक आवाज कोणता, तर 'काय म्हणता, बरं आहे ना' हा.

तरी बातमीत शब्द येतो 'धुमाकूळ'. एक बिबट्या रात्री रस्ता ओलांडून गेला, कुणाच्या कॅमेऱ्यात दिसला, की दुसऱ्या दिवशी त्याने धुमाकूळ घातलेला असतो.

'पकडा आणि लांब सोडून या' ही मागणी त्यानंतरची. ऐकायला ती दयाळू वाटते, मलाही वाटायची. महाराष्ट्रात जुन्नर भागात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी याचा हिशेब मांडला. १९९३ ते २००१ या काळात तिथे बिबट्याचे माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत. २००१ पासून शेतांतले बिबटे पकडून जंगलात सोडायची मोहीम झाली, २९ बिबटे हलवले, आणि २००३ पर्यंत ही सरासरी १७ वर गेली. अनोळखी मुलखात टाकलेलं, पिंजऱ्यात कोंडून बिथरलेलं जनावर शहाण्यासारखं वागेल अशी अपेक्षा आपण कुठल्या आधारावर करतो? शिवाय रिकामी झालेली जागा रिकामी राहत नाही, दुसरा येतो. नवा शेजारी कसा निघेल ते कुणी सांगावं.

इथवर मी खिट्टीचं फार कौतुक केलं. पण सगळं खिट्टीवर सोडून द्यायला माझं मन तयार नाही, कारण खिट्टी कुणी लावायची हा प्रश्न तसाच राहतो.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लांडगे परतले तिथे हरणं आणि गाड्यांच्या टकरी २४ टक्क्यांनी कमी झाल्या, असं २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. लांडगे रस्त्याच्या कडेने फिरतात, म्हणून हरणं रस्त्यापासून दूर राहतात. त्यातून झालेला फायदा लांडग्यांनी मारलेल्या पाळीव जनावरांच्या नुकसानीच्या ६३ पट निघाला. ६३ पट! आकडा वाचून मला आधी आनंद झाला आणि मग काका आठवले. फायदा झाला तो गाडी चालवणाऱ्याला, आणि त्याला तो माहीतही नाही. न झालेल्या अपघाताबद्दल कोण लांडग्याचे आभार मानतो? नुकसान झालं ते गुरं पाळणाऱ्याचं, आणि त्याला मेलेलं वासरू डोळ्यांसमोर दिसतंय. सगळ्यांचा मिळून नफा आणि एकट्याचा तोटा, असा हा व्यवहार आहे. मग त्या एकट्याने सह्या करायला नकार दिला की त्याला आपण अडाणी म्हणतो.

उलट बाजूही आहे. घानात सिंह-बिबटे कमी झाले तसे बबून माकडांचे कळप माजले, पिकं लुटू लागले, आणि शेत राखायला पोरांना शाळेतून घरी ठेवायची वेळ आली. राखण टळली नाहीच. बिबट्या फुकटात करत होता ती पोरांच्या गळ्यात पडली.

भरपाई देतात की, असं कुणी म्हणेल. देतात. पंचनामा, फोटो, ठसे, अर्ज, आणि मेलेलं जनावर साहेब येईपर्यंत हलवायचं नाही. स्वीडनने १९९६ पासून रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांच्या बाबतीत हे उलटं करून टाकलं. मेलेले रेनडिअर मोजायचंच बंद. त्यांच्या चराऊ मुलखात वुल्व्हरीन आणि लिंक्स या शिकारी प्राण्यांची किती पिल्लावळ झाली ते मोजायचं आणि त्यावर पैसे द्यायचे. रेनडिअर मारले जावोत न जावोत. म्हणजे मादी जिवंत असणं ही कमाई, आणि कळप नीट राखला तर तीही वर शिल्लक. भांडणं तिथेही आहेत, रक्कम पुरत नाही अशा तक्रारी आहेत. तरी मेल्याचे पैसे देण्यापेक्षा जगल्याचे देणं मला माणसाला आणि प्राण्याला, दोघांनाही जास्त मान राखणारं वाटतं.

सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायेन यांचं डॉली नावाचं तट्टू लांडग्याने मारलं. डिसेंबर २०२४ मध्ये युरोपातल्या वन्यजीवांच्या संरक्षणासाठी असलेल्या बर्न करारात लांडग्याचा दर्जा 'कडक संरक्षित'वरून नुसता 'संरक्षित' असा खाली आणला गेला. या दोन गोष्टींचा संबंध जोडून चेष्टा करणारे पुष्कळ आहेत. मी जोडणार नाही, आणि माझ्याने चेष्टाही होत नाही. पाच कोंबड्यांपायी मी काय करायला निघाले होते ते मला माहीत आहे.

आणि जिथे माणूसच मरतो तिथे तर माझी लेखणी गप्प होते. १९७० ते २०१९ या ५० वर्षांत मोठ्या मांसाहारी प्राण्यांच्या १२ प्रजातींनी माणसांवर केलेल्या ५,४४० हल्ल्यांची नोंद एका अभ्यासात एकत्र केली आहे. त्यांतले सुमारे एक तृतीयांश जीवघेणे. श्रीमंत देशांत हल्ला झाला तो बहुधा फिरायला, डोंगर चढायला, तंबू टाकायला गेलेल्यांवर. गरीब देशांत शेतात, गुरांमागे, मासे धरताना. एक मौजेला गेलेला आणि एक पोटासाठी गेलेला. ज्या घरातलं माणूस गेलं त्यांना निसर्गाची साखळी समजावून सांगणाऱ्याला माझा नमस्कार. मला ते जमणार नाही. तिथे उजेड, वाट, संडास, मुलांना सोबत, वेळेवर पोहोचणारी गाडी आणि ऐकून घेणारा माणूस हवा. वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो, ही म्हण ज्यांनी केली त्यांना वाघ नीट माहीत होता. त्याच्याशी गोड बोलून काही होत नाही हे त्यांना कळलेलं होतं. तरी त्यांनी वाघ शेजारी असताना दिवस काढलेच.

खुराडं मी नव्याने बांधलं. जाळी बारीक घेतली आणि जमिनीखाली वीतभर पुरली, कारण उकरणारे असतात. वर छप्पर केलं. दाराला दोन खिट्ट्या लावल्या, एक वर, एक खाली. काका येऊन बघून गेले. खालची खिट्टी दोनदा ओढून पाहिली आणि म्हणाले, "हं. आता बसू दे त्याला उपाशी." मला वाटतं ती शाबासकी होती.

चार नव्या कोंबड्या आणल्या. त्या अंधार पडायच्या आत आपापल्या आत जातात. सातवी मात्र दारावर आता विश्वास ठेवत नाही. संध्याकाळ झाली की ती वर वाशावर जाऊन बसते, आणि रोज मी स्टूल घेऊन जाते, तिला दोन्ही हातांनी धरून खाली आणते. ती रोज तितकाच आरडाओरडा करते. आत ठेवलं की कोपऱ्यात पाठ फिरवून बसते. मग मी वरची खिट्टी लावते, खालची लावते, घरापर्यंत जाते आणि बहुतेकदा अर्ध्या वाटेवरून परत फिरून दोन्ही एकदा ओढून बघते.

परवा पाऊस पडून गेल्यावर सकाळी चिखलात ठसे होते. कुंपणाकडून आलेले, खुराड्याला एक पूर्ण फेरी घातलेली, दाराशी थोडा जास्त वेळ थांबल्यासारखा गोंधळ, आणि मग आले तसेच परत गेलेले. मी वाकून बराच वेळ बघत होते. आतून पाचजणी दाण्यासाठी नुसत्या ओरडत होत्या.